वसवसा: हौदापासून दवाखान्यापर्यंत

भुसावळच्या एका मशिदीत हौदाच्या कडेला वुजू, म्हणजे नमाजाआधीची हातपाय धुण्याची क्रिया, करणारे एक गृहस्थ मी बऱ्याचदा पाहिले आहेत. कोपरापर्यंत हात धुतात, उठतात, पुन्हा बसतात, पुन्हा धुतात. शरीयतच्या हिशेबाने तीनदा पुरे. इकडे सामूहिक नमाजाला जमात उभी राहते, यांचे हात ओलेच. शेजारचे हळूच म्हणतात, "वसवसा आहे त्यांना." डॉक्टर याला ओसीडी म्हणतील, म्हणजे तोच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार.

कुराणाच्या शेवटच्या सुरेत वसवसा म्हणजे सैतानाची कुजबुज. म्हणून घरचे आधी दम करून घेतात, म्हणजे आयती वाचून फुंकर मारून घेतात, कुणी गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यापर्यंत नेतात; डॉक्टरांचा नंबर सगळ्यात शेवटी. आणि हे परंपरेच्या नावावर होतं, याचंच मला वाईट वाटतं. कारण त्याच इस्लामी परंपरेतले विद्वान अबू झैद अल-बल्खी (850–934) यांनी वसवशाला मनाच्या आजारांत मोजलं होतं, राग, भीती आणि दुःखाच्या पंगतीला. दुःखाचेही त्यांनी दोन प्रकार केले: जवळचं माणूस गेल्याचं, आणि कारणच सापडत नाही असं, ज्याचं मूळ शरीरात शोधायचं. त्यांचा एक उपाय तर अगदी घरगुती आहे. अडीअडचणीला घरात औषध ठेवतो, तसे मन शांत असताना चांगले विचार साठवून ठेवा, वेळेला कामी येतात. 2015 मध्ये संशोधकांनी वसवशाचं त्यांचं वर्णन आजच्या निदानाच्या निकषांशी ताडून पाहिलं. ते बरंचसं जुळलं.

पुढे 1284 मध्ये कैरोत सुलतान कलावून यांचं रुग्णालय उभं राहिलं. तिथे मनोरुग्णांचीही सोय होती.

मग धागा तुटला. इंग्रजी अमलात हकिमी, म्हणजे युनानी वैद्यक, मागे पडली, आणि मानसशास्त्र युरोपातून इंग्रजी पुस्तकांतून आलं. त्याची डोळे झाकून नक्कल करू नका, असं सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी 1979 मध्ये मुस्लिम मानसशास्त्रज्ञांना बजावलं. बल्खींच्या ग्रंथातला मनावरचा भाग पुढे त्यांनीच इंग्रजीत आणला.

आपल्याकडे हे सगळं परकं नाही. तब्येत, मिजास हे शब्द त्याच वैद्यकातून मराठीत मुरलेत. अक्कलकुव्याच्या युनानी महाविद्यालयात मुलं आजही मिजाज (शरीराची प्रकृती) आणि सौदा (काळं पित्त) शिकतात. उनाव्याला तर 'दवा-दुआ' उपक्रमात दर्ग्याच्या आवारातच मानसोपचारतज्ज्ञ बसू लागले, आणि दर्ग्याचे सेवक असलेले मुजावर स्वतः रुग्णाला त्यांच्याकडे पाठवू लागले.