छिन राजवंश

छिन राजवंश (इ.स.पू. २२१–२०६) : संपूर्ण चीन एका छत्राखाली आणणारा पहिला राजवंश. साम्राज्य जेमतेम पंधरा वर्षे टिकले, पण त्याची पूर्वतयारी सव्वाशे वर्षांहून जास्त चालली होती. पश्चिमेकडील वेई नदीच्या खोऱ्यातले छिन हे मूळचे आडबाजूचे राज्य. इ.स.पू. ३५६ पासून शांग यांग या मंत्र्याने तेथील सरदारांचे वंशपरंपरागत हक्क छाटले. लढाईत कापून आणलेल्या मुंडक्यांवर बढती ठरू लागली, आणि घरांचे गट पाडून एकाच्या गुन्ह्याला सगळ्यांना जबाबदार धरले जाऊ लागले. इ.स.पू. ३३८ मध्ये त्याचाच देह रथांना बांधून फाडण्यात आला. कायदे मात्र कायम राहिले.

राजा चंगने इ.स.पू. २३० ते २२१ या काळात उरलेली सहाही राज्ये जिंकून ‘शी हुआंगती’ म्हणजे पहिला सम्राट ही पदवी घेतली. सरंजामदारांऐवजी ३६ प्रांतांवर अधिकारी नेमले. लिपी, वजने-मापे, नाणी, इतकेच काय, गाड्यांच्या चाकांमधले अंतरही सर्वत्र एक केले.

इ.स.पू. २१० मध्ये सम्राट दौऱ्यावरच वारला. दरबारी अधिकारी चाओ काओ आणि महामंत्री ली स यांनी ही बातमी दडवली. प्रेताची दुर्गंधी लपावी म्हणून ताफ्यात खारवलेली मासळी ठेवली, असे इतिहासकार स-मा छ्येन सांगतो. बनावट फर्मान काढून थोरला मुलगा फूसू याला आत्महत्या करायला लावली आणि धाकट्या हुहाईला गादीवर बसवले.

पुढच्याच वर्षी सीमेवर निघालेली ९०० जणांची तुकडी पावसात अडकली. उशिराला देहदंड ठरलेलाच, मग बंड का करू नये, असे म्हणून छन शंग आणि वू क्वांग उठले, ही प्रसिद्ध कथा. पण १९७५ मध्ये श्वेहूती येथील एका छिन अधिकाऱ्याच्या कबरीत बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले कायदे सापडले. त्यांत वेठीला तीन ते पाच दिवस उशीर झाल्यास नुसती खरडपट्टी, सहा ते दहा दिवसांना एक ढाल आणि त्यापुढे एक चिलखत दंड सांगितला आहे. पाऊस असल्यास माफी. सैनिकांचे नियम वेगळे असू शकतील, तरी स-मा छ्येन हा पुढच्या हान राजवटीचा नोकर होता हे विसरून चालत नाही. वेठीचे ओझे आणि वारसाहक्काची कारस्थाने ही छिनच्या पतनाची कारणे जास्त पटण्याजोगी आहेत.

इ.स.पू. २०७ मध्ये चाओ काओने हुहाईलाही मरायला भाग पाडले. शेवटचा राजा त्सयिंग बंडखोर सेनानी लिऊ पांगला शरण गेला, आणि दुसरा बंडखोर सेनानी श्यांग यूने राजधानी श्येनयांग जाळली. इ.स.पू. २०२ मध्ये हान राजवटीचा पहिला सम्राट झालेल्या लिऊ पांगने छिनची बरीचशी राज्ययंत्रणा तशीच चालू ठेवली.