थंडीत सेल्फ घेत नाही, पण बॅटरी खचली मे महिन्यात

आमच्या दुचाकी ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नागपूर

दिवाळी उलटली आणि रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागले, की आमच्या काउंटरवर रोज सकाळी एकच गाऱ्हाणं येतं : "भाऊ, काल रात्रीपर्यंत मस्त चालत होती, आज सेल्फच घेत नाही." पाठोपाठ निदानही तयार असतं : "थंडीनं बॅटरी गेली." गाऱ्हाणं खरं असतं. निदान बहुतेक वेळा चुकतं, आणि त्या चुकीपायी दर दोन वर्षांनी नवी बॅटरी घ्यावी लागते. म्हणून हे पत्रक. बिलासोबत घरी न्या, जमलं तर वाचा.

आपल्याकडची थंडी म्हणजे किती? 29 डिसेंबर 2018 च्या पहाटे नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता, त्याची आठवण लोक अजून काढतात. एरवी डिसेंबर-जानेवारीत पहाटे आठ-दहा अंशांची गोष्ट. एवढ्यानं लेड-ॲसिड बॅटरीचा जीव जात नाही. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं ॲसिड शून्याच्या कितीतरी खाली गेल्याशिवाय गोठत नाही, आणि लडाखमध्येही याच जातीच्या बॅटऱ्यांवर गाड्या चालतात.

बॅटरीचा जीव जातो तो 45 अंशांत. दुपारी ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी उभी असते, खाली सिमेंट तापलेलं, वर ऊन, आणि बॅटरी सीटखाली किंवा साइड पॅनलच्या आड कोंडलेली. त्यात इंजिनाची धग. आतलं पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या गंजतात, प्लेटवरचा मसाला सुटून तळाशी बसतो. या धंद्यातला जुना ठोकताळा असा की बॅटरी कायम दहा अंश जास्त तापमानात राहिली तर तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. डब्यावर लिहिलेली क्षमता आणि वर्षं 25 ते 27 अंशांचा हिशेब धरून असतात. मे अखेरच्या कडक उन्हाचा नवतपा त्या हिशेबात नसतो.

मग जूनमध्ये आणि पोळ्यापर्यंत गाडी सुरू कशी होत होती? कारण तेव्हा काम हलकं होतं. म्हातारा बैल रिकामी बंडी सपाटीवर ओढून नेतो, चढ लागला की बसतो. थंडीची सकाळ हा तो चढ. इंजिन ऑइल घट्ट झालेलं असतं, त्यामुळे पिस्टन फिरवायला सेल्फ मोटरला जास्त करंट लागतो. पेट्रोलची वाफ नीट होत नाही, त्यामुळे एकाऐवजी तीन-चार सेकंद फिरवावं लागतं. नेमकी त्याच वेळी बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावलेली असते. 27 अंशांना जी बॅटरी शंभर देते, ती आठ-दहा अंशांना पंच्याऐंशीच्या आसपास देते. नव्या बॅटरीला हा फरक जाणवतही नाही. उन्हाळ्यात निम्मी झालेल्या बॅटरीकडे मात्र द्यायला शिल्लकच नसते.

मीटरचा आकडा फसवतो तो असा

गेल्या जानेवारीत मनीषनगरहून एक मास्तर बॅटरी पिशवीत घालून घेऊन आले. येताना एका ठिकाणी मीटर लावून घेतलं होतं, तिथं सांगितलं होतं, "12.5 व्होल्ट दाखवते, बॅटरी चांगली आहे, सेल्फ मोटर बदला." आम्हीही मीटर लावलं. खरंच 12.5. मग काउंटरवरचा लोड टेस्टर, म्हणजे बॅटरीवर सेल्फसारखा भार टाकून बघायचं यंत्र, चिमट्यांनी जोडला आणि बटण दाबून पाच सेकंद धरलं. काटा 12 वरून 10, 10 वरून 8, आणि तिथून हळूहळू घसरत 7 च्या खाली. बटण सोडलं तसा पुन्हा चढत 12 च्या वर येऊन बसला. मास्तर बघत राहिले. मोटर ठीक होती. आजारी बॅटरी झोपून असते तोवर तिचा चेहरा बरा दिसतो, उभी केली की कळतं.

म्हणून निव्वळ व्होल्टेज बघून निकाल देऊ नका, आम्हालाही देऊ देऊ नका. तरी घरी मल्टिमीटर असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी चावी न लावता मोजा. 12.7 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग कोणाला तरी सेल्फ दाबायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. दाबताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या. चार्ज करूनही तसंच झालं तर ती संपली. गाडी सुरू झाल्यावर रेस थोडी वाढवून पुन्हा बघा. 13.8 ते 14.5 मध्ये असायला हवं. तेवढं येत नसेल तर दोष चार्जिंगचा, म्हणजे रेग्युलेटर, कॉइल किंवा वायरिंगचा. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तरी आठ-पंधरा दिवसांत पुन्हा तेच. आधी मेकॅनिककडे जा, बॅटरी नंतर घ्या.

मीटर नसेल तर कान लावा. सेल्फ दाबल्यावर "टकटकटकटक" असा भरभर आवाज आला आणि गाडीच्या डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकदाच "टक" होऊन दिवे तसेच लख्ख राहिले, तर रिले किंवा सेल्फ मोटर बघावी लागेल. काहीच आवाज नाही, तर आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), साइड स्टँड आणि फ्यूज बघा. हसू नका. घरून दुकानापर्यंत ढकलत आणलेल्या गाडीचा किल स्विच आम्ही उजव्या अंगठ्यानं ऑन करून दिलेला आहे. लहान मुलानं खेळताना दाबला होता.

टर्मिनलचं तर दरवर्षी सांगतो. नट-बोल्ट हातानं हलत असेल किंवा वर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल, तर चांगली बॅटरीही मेल्यासारखी वागते. खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं घासा, पुसून कोरडं करा, बोल्ट आवळा, वरून व्हॅसलीनचं बोट फिरवा. काढताना आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर, लावताना ती शेवटी. उलट केलं आणि पाना चॅसीला टेकला तर ठिणगी उडते. एवढ्या कामानं गाडी सुरू झाली तर आमच्याकडे यायची गरज नाही.

सकाळी साडेसहाला गाडी अडली तर

मुलीची शाळा आहे किंवा बुटीबोरीची शिफ्ट आहे आणि गाडी कण्हते आहे. अशा वेळी लोक बटणावर अंगठा दाबून ठेवतात आणि उरलीसुरली बॅटरीही संपवतात. तसं करू नका. चावी ऑन करा. फ्यूल इंजेक्शनची गाडी असेल तर पेट्रोल पंपाचा "घूं" आवाज पूर्ण होऊ द्या, दोन-तीन सेकंद लागतात. क्लच दाबा, म्हणजे मोटरला गिअरबॉक्सचं थंड ऑइल घुसळावं लागत नाही. तीन ते पाच सेकंद सेल्फ, मग अर्धा मिनिट विश्रांती. थांबल्यावर बॅटरी थोडी सावरते, आणि पुढचा प्रयत्न पहिल्यापेक्षा जोरकस होतो. असं तीन-चार वेळा, त्यापुढे नाही. इंजेक्शनच्या गाडीत ॲक्सिलरेटर पिळू नका, किती पेट्रोल द्यायचं ते तिचं तिला कळतं. कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर चोक ओढा.

किक असेल तर चावी बंद ठेवून आधी तीन-चार कोरड्या किका मारा, ऑइल सुटतं, मग चावी लावून खरी किक. किक नसलेल्या बाइकला सेकंड गिअरमध्ये धक्का चालतो, पण एका अटीवर. बीएस-6, म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या गाड्यांत पेट्रोल पंप आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, बॅटरीवर चालतात. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डच पेटत नसेल तर धक्के मारून दमाल फक्त. गिअरलेस स्कूटरला धक्क्यानं सुरू करता येतच नाही, शेजाऱ्यांना उठवू नका.

कारच्या बॅटरीवरून जंप द्यायचाच असेल तर कारचं इंजिन बंद ठेवून द्या. लाल वायर दोन्हीकडच्या पॉझिटिव्हला. काळी आधी कारच्या निगेटिव्हला, मग दुसरं टोक दुचाकीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथं ठिणगी नको. काडी पेटवून आत पाणी आहे का बघणारे लोक अजून आहेत, आणि बॅटरीवर उकळतं पाणी ओतणारेही. दोन्ही नको. चालू गाडीचं टर्मिनल काढून "चार्जिंग बघणं" हा जुना उस्तादी प्रकार आजच्या गाडीत ईसीयू जाळतो, आणि त्या खर्चात बॅटऱ्या किती येतील ते विचारू नका.

सुरू झाली की दारात रेस देत उभे राहू नका. आयडलवर चार्जिंग नाममात्र होतं, आणि नव्या गाड्यांचा हेडलाइट कायम चालू असल्यानं तेही त्यात जातं. वर्धा रोडला लागून वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवली तर उपयोग. ज्यांची गाडी घरापासून मेट्रो स्टेशनपर्यंतच जाते, त्यांची बॅटरी रोज थोडी-थोडी उपाशी राहते. अशांनी आठवड्यातून एकदा तरी कोराडी किंवा कळमेश्वरपर्यंत चक्कर मारावी. सावजी खायला गेलात तरी चालेल, बॅटरीला कारण लागत नाही.

चार्जिंग, पाणी आणि न दिसणारी गळती

बाइकची बॅटरी लहान असते, साधारण 3 ते 9 अँपिअर-अवर क्षमतेची. तिला चार्जिंग क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यानं द्यायचं. 5 ची बॅटरी असेल तर अर्धा अँपिअर, दहा-बारा तास. कारच्या चार्जरवर पाच-सहा अँपिअरनं तासाभरात "फुल" करून देणारे बॅटरी शिजवून देतात. हातात घ्या, गरम लागली की समजा. उतरलेली बॅटरी तशीच ठेवणं त्याहून वाईट, प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग कोणत्याही चार्जरला दाद देत नाही. महिनाभर गावी जाणार असाल तर निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

गळतीचं गणित एकदा करून बघा. जीपीएस ट्रॅकर किंवा अलार्म बाहेरून बसवला असेल आणि तो फक्त 20 मिलीअँपिअर ओढत असेल, तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर गेला. 4 ची बॅटरी आठ दिवसांत कोरडी. चावी चुकून ऑन राहिली तर नुसता 5 वॅटचा मागचा बल्ब एका रात्रीत तेवढंच काम करतो.

झाकणांची, पाणी भरायची बॅटरी असेल तर मार्च ते जून दर पंधरवड्याला लेव्हल बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर, वरच्या रेघेपर्यंत. आरओचं नाही, एसीच्या नळीतून ठिबकणारं तर नाहीच, त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू येतात. वरून ॲसिड कधीही टाकू नका, उडतं ते पाणी. सीलबंद मेंटेनन्स-फ्री बॅटरीचं झाकण स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटू नका, तिच्यात भरायचं काही नसतं.

नवी घ्यायचीच असेल तर

गाडीच्या पुस्तकात लिहिलेलीच क्षमता घ्या. "थोडी मोठी टाका ना" असं रोज कोणीतरी म्हणतं. मोठी बॅटरी खोक्यात बसली तरी लहान गाडीची कॉइल तिला पोटभर चार्जिंग देईलच असं नाही. लिथियमची हलकी बॅटरी आम्ही साध्या गाडीला सुचवत नाही. महाग आहे, चार्जर वेगळा लागतो, आणि थंडीत पहिल्या सेल्फला तीही आळस करते.

ॲसिड भरून द्यायची बॅटरी आम्ही हातोहात देत नाही. भरल्यावर तासभर मुरू देतो, मग सावकाश चार्ज करतो. सकाळी सांगितली तर संध्याकाळी मिळेल. यावरून काही ग्राहक रागावून दुसरीकडे जातात. पहिलं चार्जिंग अर्धवट राहिलेली बॅटरी पुढे कधीच पूर्ण ताकदीनं काम करत नाही, त्यामुळे तो राग आम्ही सोसतो. सीलबंद बॅटरी कंपनीतूनच चार्ज होऊन येते, ती मात्र तपासून लगेच देतो. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का समोर मारून घ्या. किती महिने फुकट बदलून मिळेल आणि किती महिने प्रो-राटा, म्हणजे वापराच्या प्रमाणात पैसे वळते होतील, हे विचारून घ्या.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, तो ॲसिड नालीत ओततो आणि शिसं तेवढं नेतो. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती रीतसर पुनर्वापराला जायला हवी. आमच्याकडे जमा करा, नव्या बॅटरीच्या बिलातून तिची किंमत कमी करून देतो.

तपासणीचे पैसे घेत नाही. खरं तर उन्हाळा संपताना, जून-जुलैमध्येच एकदा लोड टेस्ट करून घ्या, तेव्हा दुकानात गर्दी नसते आणि तुम्हालाही घाई नसते. एरवी दुकान दहाला उघडतं, डिसेंबर-जानेवारीत साडेआठला, कारण अडलेल्या गाड्या सकाळीच अडतात. गाडी ढकलत आणू नका. बॅटरी काढून आणा, पिशवीत उभी धरून, आडवी नको. आणि कोणत्या टर्मिनलला कोणती वायर होती त्याचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.