स्वमग्न मुलांच्या पालकांमधील लसविषयक शंका

आपल्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आली ती लशीमुळे, किंवा पुढचा डोस दिला तर ती बळावेल, ही भीती स्वमग्न मुलांच्या अनेक पालकांना वाटते. तिचा रोख मुख्यतः गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित एमएमआर लशीवर असतो. लाखो मुलांच्या अभ्यासांत असा संबंध आढळलेला नाही. पण म्हणून या पालकांना अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे.

ही शंका बहुधा घरातच जन्म घेते. अनेक देशांत एमएमआरचा पहिला डोस 12 ते 15 महिन्यांच्या वयात देतात. काही स्वमग्न मुले याच वयाच्या आगेमागे, साधारण दुसऱ्या वर्षात, शिकलेले चार शब्द विसरतात, टाटा करायचे थांबतात, हाक मारली तरी वळून बघत नाहीत. लस टोचली, आठवड्याभराने अंग तापले आणि पुढे बोलणे गेले, असे आई सांगते तेव्हा तिने पाहिलेला क्रम खराच असतो. मात्र एकापाठोपाठ घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले असे होत नाही. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती तपासल्या. पुढे स्वमग्नतेचे निदान झालेली मुले तेव्हाच इतरांच्या चेहऱ्याकडे कमी बघत होती, बोट दाखवून वस्तू कमी दाखवत होती. केक कापण्याच्या गडबडीत हे कुणाच्या ध्यानात येणार?

घरातल्या या शंकेला 1998 मध्ये वैद्यकीय आधार मिळाल्यासारखे झाले. एमएमआर आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा, ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा अवघ्या 12 मुलांवरचा लेख ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ब्रायन डिअर या पत्रकाराने त्यामागचे आर्थिक हितसंबंध आणि नोंदींतील फेरफार उघडकीस आणले. 2010 मध्ये नियतकालिकाने लेख मागे घेतला आणि ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने वेकफिल्ड यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकले. मधल्या बारा वर्षांत मात्र ब्रिटनमधील एमएमआर लसीकरण 80 टक्क्यांच्या आसपास घसरून गेले होते.

डेन्मार्कमधील 6,57,461 मुलांच्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. काही लशी टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या थायोमर्सल या पारायुक्त परिरक्षकावरचा संशयही असाच निराधार ठरला. एमएमआरमध्ये तर थायोमर्सल कधीच नव्हते. पालकांच्या दृष्टीने सर्वांत जवळचा प्रश्न धाकट्या भावंडाचा: थोरल्याला स्वमग्नता आहे, मग याला टोचावे का? अमेरिकेतील सुमारे 95,000 मुलांच्या 2015 मधील अभ्यासात, थोरले भावंड स्वमग्न असलेल्या मुलांनाही एमएमआरमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. तरीही अशा घरांतील धाकटी मुले लसीकरणात मागे राहतात, आणि गोवराची साथ आली की तीच उघडी पडतात.

आकडे समोर असूनही शंका टिकते, यामागे एक जुनी जखम आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात स्वमग्नतेचा दोष ‘थंड, मायाहीन’ आईवर टाकला जाई. तो सिद्धांत पुढे खोटा ठरला, पण ‘माझेच काही चुकले का’ हा प्रश्न आयांच्या मनातून गेला नाही. दोष बाहेरच्या सुईवर गेला की तो भार थोडा हलका होतो. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि मेंदूतील वेगळेपणाची सुरुवात बऱ्याच अंशी गर्भावस्थेतच होते, हे डॉक्टरांनी घाई न करता सांगितले तर तोच भार खऱ्या कारणाने उतरू शकतो.

लशीचे खरे दुष्परिणाम लपवल्यानेही विश्वास जातो. एमएमआरनंतर ताप येतो, पुरळ उठते. तीन-चार हजार डोसांमागे साधारण एका मुलाला तापाची आकडी येते. ती भयावह दिसते, पण सहसा कायमची इजा करत नाही.

स्वमग्न मुलाच्या बाबतीत आणखी एक काळजी असते, आणि ती अगदी रास्त आहे: गर्दीची खोली, लखलखीत दिवे, अनोळखी हाताचा स्पर्श आणि दंड घट्ट धरून ठेवणे. कमी वर्दळीची वेळ मागून घेणे, आदल्या दिवशी चित्रांतून सगळा क्रम दाखवणे, दंडाला आधी बधिर करणारे मलम लावणे, मुलाला आईच्या मांडीवरच बसू देणे, याने पुष्कळ फरक पडतो.