थंडीत खुराडं कोरडं हवं, कोंदट नको

थंडी पडायला लागली की खुराड्याच्या फटी बुजवायला घेतल्या जातात. जाळीवर गोणपाट येतं, दाराला प्लास्टिक लागतं, पत्रा आणि भिंत यांच्यामधली मोकळी जागाही चिंध्या कोंबून बंद होते. काही दिवसांत कोंबड्या शिंकू लागतात, डोळ्यांतून पाणी येतं आणि दोष थंडीला दिला जातो. बहुतेक वेळा थंडीचा तिथे काही संबंध नसतो. कोंबड्या आजारी पडतात त्या आत कोंडलेल्या ओलीमुळे.

पूर्ण पिसं आलेली कोंबडी थंडी चांगली सोसते. तिच्या शरीराचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि ते टिकवायची सोय तिच्या अंगावरच असते. वरच्या पिसांखाली मऊ लव असते. गारठा वाढला की कोंबडी पिसं फुलवते, लवेत हवा अडकते आणि अंगातली ऊब बाहेर निसटत नाही. पाय उघडे असले तरी त्यांत खाली जाणाऱ्या गरम रक्ताच्या आणि वर परतणाऱ्या गार रक्ताच्या वाहिन्या एकमेकींना लागून असतात. खाली जाणारं रक्त वाटेतच आपली बरीचशी ऊब परतणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं, त्यामुळे बोटांमधून फार थोडी ऊब वाया जाते. या सगळ्या व्यवस्थेला एकच गोष्ट चालत नाही, ती म्हणजे पाणी. ओली पिसं एकमेकांना चिकटतात, मधली हवा जाते आणि तीच कोंबडी साध्या गारठ्यातही कुडकुडते.

आता खुराड्यात पाणी येतं कुठून ते पाहा. अंड्यावरची कोंबडी थंडीतही दिवसाला सुमारे २०० मिलिलिटर पाणी पिते. अंडं दिलं तर त्यातून साधारण ४० मिलिलिटर बाहेर जातं. उरलेलं जवळजवळ सगळं विष्ठेतून आणि श्वासातून बाहेर पडतं. दहा कोंबड्यांचा हिशेब केला तर दिवसाला दीड लिटर पाणी होतं, आणि थंडीतल्या लांब रात्रीमुळे त्यातला मोठा भाग खुराड्यातच पडतो. कोंबड्यांच्या अंगच्या उबेने ही ओल वाफ होऊन वर चढते, गार पत्र्याला लागून तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा कोंबड्यांच्या पाठीवर गळतात. पारा शून्याच्या खाली जातो तिथे हीच दमट हवा तुऱ्याला बाधते. तुऱ्याची टोकं आधी पांढुरकी आणि मग काळी पडतात.

दुसरा त्रास अमोनियाचा. कोंबडीच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. खुराड्याच्या जमिनीवर पसरलेल्या तुसा-भुशाच्या थराला गादी म्हणतात. ती ओलसर झाली की तिच्यातले जिवाणू त्याचं विघटन करतात आणि त्यातून अमोनिया सुटतो. हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग अमोनिया झाला की कोंबडीचे डोळे चुरचुरतात आणि श्वासनलिकेतले धूळ बाहेर लोटणारे बारीक केस निकामी व्हायला लागतात. मग एरवी परतवता आलं असतं ते जंतूही आत शिरतात. माणूस उभ्याने वास घेतो, कोंबडी मात्र जमिनीपासून वीतभर उंचीवर श्वास घेते. म्हणून पहाटे दार उघडण्याआधी खाली वाकून वास घ्यावा. नाकाला झोंबलं, तर कोंबड्या रात्रभर त्यातच होत्या.

उपाय सोपा आहे, फक्त हवा वाहती हवी आणि झोत नको, हा फरक लक्षात ठेवावा लागतो. झोपलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर, समोरासमोरच्या दोन भिंतींना छताखाली ८ ते १० सेंटिमीटर उंचीची लांबट फट मोकळी ठेवा. मुंगूस, उंदीर येऊ नयेत म्हणून तिला १२ मिलिमीटर छिद्रांची जाळी ठोका. पाऊस किंवा दव आत येऊ नये इतका पत्रा बाहेर काढा. कोंबडी बसते त्या उंचीवरच्या आणि त्याखालच्या फटी मात्र रात्री नक्की बुजवा. ठीक जमलं की नाही हे पाहायला पेटती उदबत्ती हातात धरून बसायच्या दांडीजवळ न्या. धूर सरळ वर जाऊन छताखालून बाहेर पडला तर उत्तम. आडवा वाहिला तर झोत कुठून येतो ते शोधा. राख आणि ठिणगी गादीवर पडू देऊ नका. सकाळी पत्र्याला आतून हात लावून पाहणं हीसुद्धा चांगली परीक्षा आहे. थेंब दिसले तर वरची फट अपुरी आहे.

दांडी लाकडाची, ५ ते ७ सेंटिमीटर रुंद, वरून सपाट आणि कडा घासलेली असावी. अशा दांडीवर कोंबडी पाय दुमडून बसली की पोटाची पिसं बोटांवर येतात. लोखंडी पाइप वापरू नका, तो पायांतली ऊब ओढून घेतो. प्रत्येक कोंबडीला २० ते २५ सेंटिमीटर जागा पुरते. दांडीखाली फळी किंवा जुना पत्रा टाकून तो रोज सकाळी खरवडला, तर रात्रीची बरीचशी ओल गादीत मुरतच नाही. थंडीत सगळ्यात जास्त फळ देणारं काम हेच, आणि आळस होतो तोही याचाच.

गादीला भाताचं तूस किंवा लाकडाचा जाडसर भुसा चांगला. सुरुवातीला १० सेंटिमीटर जाडीचा थर द्या, दोन-तीन दिवसांनी खालीवर करा आणि ओल दिसेल तिथे नवा कोरडा थर घाला. मूठभर गादी दाबून मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ती फार ओली आहे, सावकाश विस्कटला तर योग्य आहे, धूळ उडाली तर गरजेपेक्षा कोरडी आहे. ओल्या गादीवर चुना टाकायची पद्धत आहे. चुना ओल शोषतो हे खरं, पण गादी अल्कधर्मी झाली की तिच्यात अडकलेला अमोनिया एकदम मोकळा होतो. म्हणून चुना मिसळायचा तर कोंबड्या बाहेर असताना, दार सताड उघडं ठेवून, आणि वास पूर्ण गेल्यावरच त्यांना आत घ्यायचं. ओल राहिली की रक्ती हगवणीचा धोकाही वाढतो, कारण विष्ठेतून पडलेले त्या परजीवींचे कोश ओल मिळाल्याशिवाय बाधा करण्याजोगे होत नाहीत.

पाण्याचं भांडं शक्य तर खुराड्याबाहेरच ठेवा. कोंबडी अंधारात पाणी पीत नाही, त्यामुळे रात्री आत भांडं ठेवून नुसती गादी भिजते. सकाळी मात्र पाणी लगेच आणि कोमट द्या. गार पाणी त्या कमी पितात, पाणी कमी की खाणं कमी, आणि अंड्यावर परिणाम दिसायला दोन दिवस पुरतात.

एरवी ११० ते १२० ग्रॅम खाणारी कोंबडी थंडीत दहा-वीस ग्रॅम जास्त मागते, ते द्यावं. संध्याकाळी दांडीवर जाण्याआधी दर कोंबडीमागे १५ ते २० ग्रॅम अख्खा किंवा भरडलेला मका उपयोगी पडतो. दाणा गळ्याच्या पिशवीत साठतो, रात्रभर हळूहळू पचतो आणि पचनातून ऊब मिळते. दिवसभर नुसता दाणा घातला तर पोट भरतं पण प्रथिनं कमी पडतात. याच सुमाराला अनेक कोंबड्या जुनी पिसं गाळून नवी आणतात, आणि पीस हे बहुतांशी प्रथिनच असतं. त्या दोन-तीन महिन्यांत खाद्यात १८ ते २० टक्के प्रथिन ठेवा. नवी पिसं रक्ताने भरलेली असतात आणि दाबली की दुखतात, म्हणून तोवर कोंबडी उचलणं टाळा. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्या कोंबडीला कॅल्शियम हवं ती तो स्वतः खाते.

अंडी कमी होण्याचं मुख्य कारण दिवस लहान होणं हे आहे. उजेड कोंबडीच्या डोळ्यांतून जातो तसाच कवटीतूनही थेट मेंदूतल्या प्रकाश ओळखणाऱ्या पेशींपर्यंत पोचतो, आणि तिथून अंडाशयाला चालना मिळते. यासाठी साधारण १४ तासांचा उजेड लागतो. दिवा लावायचा असेल तर पहाटे लावा. रात्री दिवा अचानक विझला तर कोंबड्यांना दांडी सापडत नाही आणि त्या गादीवरच गोळा होतात. दर आठवड्याला अर्धा तास वाढवत १४ तासांवर या आणि वेळ एकदाही चुकवू नका. मध्येच चार दिवस दिवा बंद राहिला तर कोंबडी पुन्हा पिसं गाळायला घेऊ शकते. पिसं गाळत असलेल्या कोंबडीला मात्र दिवा देऊ नये, तिला विश्रांतीच हवी. पहिल्यांदा अंड्यावर आलेल्या तलंगा बहुधा दिव्याशिवायही पहिली थंडी काढतात.

लहान पिलांचं गणित अगदी वेगळं आहे. त्यांच्या अंगावर नुसती लव असते. पहिल्या आठवड्यात पिलांच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश तापमान लागतं, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी करत जायचं. थर्मामीटर नसला तरी पिलांकडे पाहून कळतं. दिव्याखाली एकमेकांवर चढली तर ऊब कमी आहे, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर जास्त आहे, सगळीकडे पसरून चरत असली तर नेमकी आहे. ऊब देण्यासाठी बंद जागेत कोळशाची शेगडी ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि पिलं गुपचूप मरतात. बल्ब वापरला तर तो वायरवर न लोंबकळवता साखळीने, गादीपासून निदान ४५ सेंटिमीटर उंच आणि जाळीच्या टोपीत टांगा. तूस, पिसं आणि धूळ यांना पेट घ्यायला पडलेला एक गरम बल्ब पुरतो.