श्वानवाहतूक, स्वयंसेवी (नागपूर)

श्वानवाहतूक, स्वयंसेवी : अपघातातून वाचवलेले, रस्त्यावर टाकून दिलेले किंवा मालकाने सोडलेले कुत्रे आधी तात्पुरत्या आणि मग कायमच्या घरी विनामोबदला पोचवण्याची पद्धत. नागपुरातले कार्यकर्ते तिला नुसते ‘ट्रान्सपोर्ट’ म्हणतात. तात्पुरते घर म्हणजे ‘फॉस्टर’, आणि लांबच्या प्रवासाचे टप्पे पाडून दर टप्प्याला नव्या माणसाने कुत्रा पुढे नेणे म्हणजे ‘रिले’. पेट्रोलचा खर्च बहुधा वर्गणीतून निघतो. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे लोहमार्ग तसेच राष्ट्रीय महामार्ग ४४ व ५३ इथे एकमेकांना छेदतात. त्यामुळे विदर्भातून हैदराबाद, रायपूर किंवा पुण्याकडे जाणारा कुत्रा पुष्कळदा नागपुरात मुक्काम करून पुढे जातो.

प्रारंभ : पद्धतीचे मूळ कुठे धरायचे याबद्दल एकमत नाही. एक मत ते पांजरपोळापर्यंत मागे नेते. मुंबईत १८३२ साली भटके कुत्रे मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई प्रभृतींच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. कुत्र्याला मारू नये, त्याला दुसरीकडे नेऊन सांभाळावे, हा विचार तिथे निश्चित दिसतो. मात्र पांजरपोळात आलेले जनावर सहसा तिथेच आयुष्य काढते, ते घरोघरी दत्तक जात नाही. लंडनला १८६० मध्ये सुरू झालेल्या आणि १८७१ मध्ये बॅटरसी येथे हललेल्या श्वानगृहाने सांभाळलेल्या कुत्र्यांना नवी घरे शोधून दिली, म्हणून दुसरे मत त्याला मूळ मानते. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बेघर कुत्री मोठ्या संख्येने दूरच्या राज्यांत हलवली गेली, आणि आजच्या रिलेशी सर्वांत जवळचे साम्य त्या हालचालीत आढळते. नागपुरापुरते बोलायचे, तर मोबाइलवरचे गट घरोघर पोचल्यावर, म्हणजे ढोबळमानाने २०१० नंतर, या कामाला आजचे रूप आले असावे. त्याआधीही लोक कुत्री नेत-आणत होते, पण ते ज्याचे त्याचे खासगी काम होते.

कायदेशीर चौकट : प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार नसबंदी व लसीकरण झालेला रस्त्यावरचा कुत्रा सामान्यतः त्याच्याच भागात परत सोडायचा असतो. म्हणून गल्लीतला धडधाकट कुत्रा उचलून दुसऱ्या वस्तीत सोडणे हे ट्रान्सपोर्टमध्ये बसत नाही, आणि जाणते कार्यकर्ते असे काम घेत नाहीत. आई गमावलेली पिल्ले, पाय गमावलेले वा आंधळे कुत्रे आणि घरात वाढून रस्त्यावर टाकलेले जातिवंत कुत्रे हे खरे प्रवासी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी त्यांना दत्तक घ्यावे, असा आदेश दिला. त्यातील निर्देशांना सर्वोच्च न्यायालयाने १६ नोव्हेंबर २०२२ रोजी स्थगिती दिली. दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नमूद केले. व्यवहारात याचा अर्थ असा, की घर जमले नाही तर कुत्रा परत आणण्याची सोय निघण्यापूर्वीच ठरलेली हवी.

प्रत्यक्ष वाहतुकीला प्राणी वाहतूक नियम, १९७८ लागू होतात. प्रवासास योग्य असल्याचा व संसर्गजन्य रोग नसल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. दिवस भरत आलेली कुत्री नेता येत नाही आणि दूध न तुटलेली पिल्ले आईखेरीज दुसऱ्या मोठ्या कुत्र्यांबरोबर नेता येत नाहीत. पाणी उन्हाळ्यात किमान दर चार तासांनी, हिवाळ्यात दर सहा तासांनी द्यायचे. अन्न मोठ्या कुत्र्याला बारा तासांतून एकदा व पिल्लाला दर चार तासांनी.

निघण्यापूर्वीच्या खाण्याचा प्रश्न वादाचा आहे. याच नियमांनुसार प्रवासाच्या किमान दोन तास आधी अन्नपाणी दिलेले असावे. उलट मोटारीतून नेणारे बरेच जण पोट पाच-सहा तास रिकामे ठेवतात, कारण गाडी लागलेला कुत्रा ओकतो आणि क्रेटमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या पेटीत, आडवा पडलेला असल्यास ओकारी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. दोन्ही बाजू सांभाळायच्या तर मोठ्या कुत्र्याला दोन तास आधी रोजच्या निम्म्याहून कमी, कोरडा घास द्यावा. आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला मात्र उपाशी ठेवूच नये. त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते, ते लुळे पडते. अशा वेळी ग्लुकोज पावडरचे बोट हिरड्यांवर फिरवावे लागते. ओकारीचे औषध पशुवैद्यकाने दिले तरच द्यावे. झोपेची गोळी तर देऊच नये, कारण गुंगीतल्या कुत्र्याचा रक्तदाब उतरतो आणि शरीराला उष्णता सावरता येत नाही.

तयारी : नव्याने उचललेल्या कुत्र्याला चौदा दिवस वेगळे ठेवूनच पुढे पाठवावे. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे संसर्गजन्य विषाणुरोग. पार्व्होची लक्षणे साधारण आठवड्याभरात दिसतात. डिस्टेंपरला कधी त्याहून बराच जास्त वेळ लागतो. पार्व्होचा विषाणू फरशीवर, चादरीत महिनोन्‌महिने टिकतो. एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटे ओले ठेवल्याशिवाय गाडी आणि क्रेट शुद्ध होत नाहीत, नुसत्या फिनाइलवर विसंबू नये. आरोग्य दाखल्यासाठी सेमिनरी हिल्सवरील नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयाच्या (स्थापना १९५८) चिकित्सालयाचा उपयोग होतो.

क्रेटमध्ये कुत्र्याला उभे राहता, वळता आणि पाय पसरून निजता आले पाहिजे. लहान पिल्लांसाठी संत्र्यांची दोन प्लॅस्टिकची कॅरेट तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधतात. जाळीतून वारा खेळतो, खाली वर्तमानपत्राचे चार थर आणि वर फॉस्टरच्या घरातली न धुतलेली जुनी चादर. ओळखीचा वास असला की रडणे कमी होते.

ऊन : नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नवतप्यात, म्हणजे २५ मेपासूनच्या नऊ दिवसांत, जाणती माणसे लांबचा प्रवास घेतच नाहीत, आणि घेतलाच तर पहाटे चारला निघून दहाच्या आत पोचतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेवढीही सूट नाही. उभ्या, बंद गाडीतले तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढते. काच चार बोटे उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. एसी असूनही मागच्या भागातल्या क्रेटपर्यंत थंड हवा पोचत नाही, हे अनेकांना उशिरा कळते. जीभ रुंद व गडद लाल, लाळ चिकट आणि चाल लटपटती झाली की थांबावे. पोटावर, काखेत, जांघेत साधे पाणी ओतावे व वारा घालावा. बर्फाचे पाणी नको, आणि ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवणेही चूक, कारण त्याखाली उष्णता कोंडते. मग सरळ दवाखाना गाठावा.

मार्ग : समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे आणि इतरत्रही मोठा कुत्रा दुचाकीवरून नेऊ नये. जबलपूरच्या वाटेवर देवलापार ते खवासा हा पेंचच्या जंगलाचा पट्टा लागतो. तिथे लघवीसाठीही कुत्रा उतरवू नये. वाघ-बिबट्यांचे भय आहेच, शिवाय डिस्टेंपर वन्यप्राण्यांत जाऊ शकतो. लघवीची सोय आधी मनसरला करून घ्यावी. रेल्वेने आपल्यासोबत डब्यात न्यायचे तर वातानुकूलित प्रथम वर्गाचे संपूर्ण कुपे किंवा केबिन आरक्षित करावे लागते. गार्डच्या डब्यातली श्वानपेटी उन्हाळ्यात टाळावी.

हस्तांतरण : कुत्रे निसटतात ते धावत्या गाडीतून नव्हे, उघड्या दारातून. ढाब्यावर दोन गाड्या शेजारी लागतात, मागचे दार उघडते, कोणीतरी हाक मारते. कुत्रा चार पावले मागे सरतो, मान खाली घालतो आणि गळपट्टा दोन्ही कानांवरून निघून हातात रिकामा लोंबतो. म्हणून पट्टे दोन लावतात, एक हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या बंदाला, व एक गळपट्ट्याला, आणि गळपट्टा व मान यांत दोनच बोटे जातील इतका घट्ट ठेवतात. नव्या माणसाच्या मुठीत पट्टा आल्याशिवाय जुन्याने सोडायचा नाही. शक्यतो भिंतीच्या आवारात, फाटक लावून, क्रेटसकट कुत्रा बदलावा. दाखला, लसीचे कार्ड, औषधांची वेळ आणि ‘काठीला घाबरतो’ यासारखी सूचना क्रेटला चिकटवलेल्या पाकिटात असावी, कारण चौथ्या टप्प्यावर तोंडी निरोप पोचलेला नसतो.

हाताळताना चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि कुत्र्याचे लसीकरण झाले आहे असे सांगितले तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे.

कुत्रा निसटलाच तर पाठलाग करू नये. अनोळखी जागेत भ्यालेला कुत्रा धावणाऱ्यापासून थेट महामार्गाकडे पळतो. त्याची चादर व क्रेट दार उघडे ठेवून तिथेच मांडावे, गाडीचा दिवा मालवावा, आणि फॉस्टरला, कितीही दूर असले तरी, बोलावून घ्यावे. त्या माणसाने जमिनीवर पाठमोरे बसून रोजच्या आवाजात बोलत राहावे. असे निसटलेले कुत्रे पुष्कळदा रात्री रहदारी शमल्यावर, त्याच चादरीपाशी परत येतात.