खाऱ्या दलदलीत रोप रुजतं कधी?

समुद्राकाठच्या खाऱ्या दलदलीतल्या वनस्पतींचं कौतुक नेहमी त्यांच्या चिवटपणासाठी होतं. रोज भरती अंगावर घेतात, लिटरमागे 35 ग्रॅम मीठ असलेलं पाणी पचवतात, वगैरे. हे सगळं खरं, पण वाढलेल्या झाडापुरतं. नुकत्याच उगवलेल्या रोपाचं गणित निराळं असतं, आणि अभ्यासकांची नजर त्याच्याकडे वळायला बराच काळ जावा लागला.

सुरुवातीचं बरंचसं काम पट्ट्यांच्या नोंदींचं होतं. पाण्यालगत कोणतं गवत, त्याच्या वर कोणतं, बांधाजवळ कोणतं झुडूप. रोपांपर्यंत जे पोचले, त्यांना आधी दिसली ती भरती. 1935 साली पी. ओ. विहे यांनी वेल्समधल्या डोव्ही खाडीत सॅलिकॉर्निया या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या बुटक्या, मांसल वनस्पतीची रोपं मोजली. जिथे रोज भरतीचं पाणी चढतं तिथली कोवळी रोपं उपटून वाहून जात. दोन-तीन दिवस पाणी फिरकत नाही अशा उंचीवरची मात्र टिकत, कारण तेवढ्या सवडीत मूळ मातीत शिरून घट्ट होतं.

मिठाचा मुद्दा प्रयोगशाळेतून पुढे आला. ओहायो विद्यापीठातल्या अर्विन उंगर यांनी अनेक दशकं खारजमिनीतल्या वनस्पतींच्या बियांवर काम केलं. त्या आणि त्यानंतरच्या कामातून दिसलं ते असं की यातल्या बहुतेक बिया सगळ्यात चांगल्या रुजतात त्या गोड्या पाण्यात. खाऱ्या पाण्यात त्या मरत नाहीत, नुसत्या थांबून राहतात. मीठ धुऊन गेलं की उगवतात. त्यांचा खरा गुण तो थांबण्यात आहे.

पण उगवल्यावर थांबता येत नाही. कोवळ्या रोपाची मुळं वरच्या एक-दोन सेंटिमीटर मातीत असतात, आणि उघड्या जमिनीत मीठ साचतं तेही तिथंच. ऊन पाणी ओढून नेतं, मीठ मागे उरतं, वर पांढरी खपली धरते. त्या मातीतलं पाणी मुळांना ओढता येत नाही, जे ओढलं जातं त्याबरोबर सोडियम आत येतो. मोठ्या झाडाची मुळं खोल गेलेली असतात, काहींच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. रोपाच्या गाठीला यातलं फारसं काही नसतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण दक्षिण कॅलिफोर्नियातलं आहे. सॅन डिएगोला पाऊस वर्षाकाठी जेमतेम 250 मिलिमीटर, तोही हिवाळ्यात. उरलेलं वर्ष तिथली दलदल समुद्रापेक्षाही खारट असते. 1980 मध्ये सॅन डिएगो नदीला पूर आला आणि गोडं पाणी दलदलीत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त काळ येत राहिलं. त्या संधीत पाणकणीस घुसलं. एरवी ते गोड्या पाण्याचं झाड! जॉय झेडलर आणि पामेला बिअर यांनी या घुसखोरीचा माग काढला. पाणकणसाच्या रोपाला जम बसवायला काही आठवडे-महिने कमी खारेपण लागतं. एकदा जमिनीखाली कंद धरले की खारेपण परतलं तरी ते वाढत नाही, पण हटतही नाही. म्हणजे एका दलदलीत आज काय उभं आहे, ते आजच्या मिठावरून नव्हे तर कधीकाळच्या एका ओल्या हंगामावरून ठरलेलं असू शकतं. मला या साऱ्या इतिहासात हाच शोध सगळ्यात मोठा वाटतो. उलटी बाजू 1984 मध्ये जवळच्या तिहुआना खाडीत दिसली. खाडीचं मुख वाळूनं बुजलं, मातीतल्या पाण्यातलं मीठ लिटरमागे 100 ग्रॅमच्या वर गेलं आणि चांगलं वाढलेलं स्पार्टिना गवतही मोठ्या प्रमाणावर मेलं.

अमेरिकेच्याच पूर्व किनाऱ्यावर, ऱ्होड आयलंडमध्ये, मार्क बर्टनेस आणि स्कॉट शमवे यांनी 1990 च्या सुमारास साधा प्रयोग केला. वाहून आलेल्या गवताच्या काडाखाली गुदमरून दलदलीत उघडे तुकडे पडतात. त्यांनी काही तुकड्यांवर गोडं पाणी शिंपडलं. तिथं रोपं जास्त जगली. न शिंपडलेल्या तुकड्यांत शेजारच्या झाडाची सावली उपयोगी पडत होती, कारण सावलीत मीठ कमी साचतं. पाणी दिलं की तोच शेजारी प्रतिस्पर्धी ठरत होता.

कोकणात खारजमिनीत भात करणाऱ्यांना यातलं निम्मं तरी वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्या पावसांनी खार धुऊन जाईपर्यंत तिथं लावणीची घाई करत नाहीत, आणि मधेच पावसानं दडी मारली की मीठ पुन्हा वर येतं. भाताचं बी खाऱ्यातही बऱ्यापैकी रुजतं, पण त्यानंतरचे दोन-तीन आठवडे रोप फार नाजूक असतं. खार सोसणारं वाण निवडताना म्हणूनच नुसती उगवण पाहून भागत नाही, या दिवसांतली रोपं तपासावी लागतात.