सह्यांच्या हौसेपायी विखुरलेले कागद

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सदबीजच्या लिलावात अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या छपाईची एक प्रत ४ कोटी ३२ लाख डॉलरला गेली. हीच प्रत १९८८ साली १ लाख ६५ हजार डॉलरला विकली गेली होती. मात्र अमेरिकेच्या क्रांतीच्या आणि स्थापनेच्या काळातले असे कागद जमवण्याची सुरुवात झाली तेव्हा त्यांना बाजारभाव असा नव्हताच, आणि सरकारलाही त्यांची फारशी फिकीर नव्हती. अमेरिकेचे राष्ट्रीय अभिलेखागार स्थापन झाले ते थेट १९३४ साली. त्याआधीची दीडशेहून अधिक वर्षे यातला बराच ठेवा हौशी माणसांनी सांभाळला. त्याच माणसांनी तो विस्कटलाही.

पहिले ठळक नाव पिएर यूजीन द्यु सिमितिएर यांचे. मूळचे जिनिव्हाचे हे चित्रकार फिलाडेल्फियात स्थायिक झाले होते. क्रांतीची धामधूम चालू असताना लोक जी पत्रके वाचून टाकून देत होते, ती ते जपून ठेवत होते. १७८२ मध्ये त्यांनी आपला संग्रह लोकांना पाहायला खुला केला. १७८४ मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी संग्रहाचा लिलाव झाला. फिलाडेल्फियाच्या लायब्ररी कंपनीने त्यातला मोठा भाग घेतला म्हणून तो आजही पाहायला मिळतो.

१७९१ साली जेरेमी बेलनॅप यांच्या पुढाकाराने मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी उभी राहिली. त्याच वर्षी थॉमस जेफरसन यांनी जुने दस्तऐवज गोळा करणाऱ्या एबनेझर हॅझर्ड यांना पत्र लिहिले. उरलेसुरले वाचवायचे तर ते कुलपात कोंडून भागणार नाही, त्याच्या इतक्या प्रती काढा की कोणत्याही अपघाताचा हात तिथवर पोचणार नाही, असा त्याचा आशय होता. या विषयावर इतके शहाणपणाचे दुसरे काही माझ्या वाचनात नाही. पण पुढची शंभर वर्षे गाडी नेमकी उलट दिशेने गेली.

विल्यम स्प्रेग हा तरुण १८१५ च्या सुमारास व्हर्जिनियात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या भाच्याच्या घरी मुलांना शिकवायला राहिला. वॉशिंग्टन यांचे सारे कागद तेव्हा त्यांचे पुतणे बुशरॉड यांच्या ताब्यात होते. बुशरॉड सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, म्हणजे कागदाचे मोल न कळणारे गृहस्थ नव्हेत. तरी त्यांनी स्प्रेगला हवी ती पत्रे उचलायची मुभा दिली. अट एकच, प्रत्येक पत्राची नक्कल करून जागेवर ठेवायची. स्प्रेगने सुमारे दीड हजार पत्रे नेली. नक्कल ठेवली म्हणजे मजकूर राहिला, अशीच तेव्हा दोघांचीही समजूत असणार.

दुसरे प्रकरण वाचताना मात्र जीव हळहळतो. इतिहासकार जॅरेड स्पार्क्स १८२७ पासून वॉशिंग्टन यांची पत्रे छापण्यासाठी संपादित करत होते. त्यात पहिल्या अध्यक्षीय भाषणाचा एक साठ-सत्तर पानी मसुदा निघाला. मसुदा वॉशिंग्टन यांच्या हस्ताक्षरातला, पण ते भाषण कधी झालेच नाही. हा मजकूर छापण्याजोगा नाही असे स्पार्क्स यांना वाटले आणि वृद्ध माजी अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांनीही त्याला दुजोरा दिला. मग वॉशिंग्टन यांच्या अक्षराचा नमुना मागणाऱ्यांना स्पार्क्स त्याचे तुकडे कापून वाटू लागले.

अशा मागणीमागे एक वेड होते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणारे ५६ जण, त्या प्रत्येकाच्या हस्ताक्षराचा नमुना मिळवून संच पुरा करायचा. पहिला पूर्ण संच स्प्रेग यांचाच मानला जातो. या खेळात जेफरसन किंवा फ्रँकलिन अडत नाहीत, त्यांनी आयुष्यभर पत्रे लिहिली. अडतो तो जॉर्जियाचा बटन ग्विनेट. जाहीरनाम्यावर सही करून वर्ष होत नाही तोच, मे १७७७ मध्ये, तो द्वंद्वयुद्धात जखमी होऊन मेला. त्याच्या जेमतेम पन्नासेक सह्या आज ठाऊक आहेत. साउथ कॅरोलायनाचा धाकटा टॉमस लिंच १७७९ मध्ये समुद्रात बेपत्ता झाला. त्याच्या ज्या सह्या मिळतात त्यातल्या बऱ्याच म्हणजे त्याच्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवरून कापलेल्या चिंचोळ्या पट्ट्या, वर नुसते आडनाव. पट्टी जपली गेली आणि पुस्तक बिघडले.

वस्तूंची हौसही याच काळातली. १७८९ च्या शपथविधीला लोकांनी कोटांवर लावलेली वॉशिंग्टन यांच्या आद्याक्षरांची बटणे, क्रांतियुद्धात लढलेला फ्रेंच सेनानी लाफाएत याच्या १८२४-२५ च्या दौऱ्यातल्या फिती आणि चिनी मातीची भांडी, १८५६ मध्ये हार्टफर्डचा ‘चार्टर ओक’ हा ऐतिहासिक वृक्ष उन्मळून पडल्यावर त्याच्या लाकडाच्या खुर्च्या.

मागणी वाढली की नकली माल येतोच. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाचा रॉबर्ट स्प्रिंग जुन्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर वॉशिंग्टन यांचे परवाने आणि चेक ‘लिहून’ विकत असे. त्या काळचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा आणि शाई माजूफळ व हिराकसाची. अशी शाई कागदात मुरते आणि कालांतराने तपकिरी पडते. विसाव्या शतकातला बनावट दस्तऐवज करणारा मार्क हॉफमन, त्याने नेमका याच रसायनाचा अभ्यास केला होता. १६३९ साली केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे छापलेल्या ‘ओथ ऑफ अ फ्रीमन’ या शपथपत्रिकेची एकही प्रत उरलेली नाही. हॉफमनने ती ‘शोधून’ १९८५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसला १५ लाख डॉलरला देऊ केली. त्याआधी त्याच शीर्षकाचा एक किरकोळ कागद न्यूयॉर्कच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या मालात गुपचूप सारून, तोच विकत घेऊन त्याने रीतसर पावतीही मिळवली होती. बनाव उघड होईल या भीतीने त्याच वर्षी त्याने सॉल्ट लेक सिटीत बॉम्ब पेरले. दोन माणसे मेली. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली त्याने लिहिलेल्या इतर कागदांवरची शाई मगरीच्या कातड्यासारखी तडकलेली दिसली. खरी जुनी शाई तशी तडकत नाही.

या प्रकरणानंतर, मालकी कुणाकुणाकडून आली हा प्रश्न पूर्वीसारखा सहज बाजूला सारता येईना. १८६५ मध्ये, यादवी युद्धात, सेनापती शर्मनच्या सैन्यातल्या एका शिपायाने रॅलीच्या विधानभवनातून नॉर्थ कॅरोलायनाची ‘बिल ऑफ राइट्स’ची (नागरिकांच्या हक्कांच्या सनदेची) प्रत उचलून नेली होती. २००३ मध्ये एफबीआयने गिऱ्हाइकाचे सोंग घेऊन ती फिलाडेल्फियात ताब्यात घेतली. मधल्या काळात ज्यांनी पैसे मोजले त्यांचे नुकसान झाले हे खरे, तरी कागद राज्याला परत मिळाला हे योग्यच झाले. सरकारी कागद चोरून नेला म्हणून तो कधी खाजगी होत नाही.

जेफरसन यांचा सल्ला अखेर कामाला आला तो व्हर्जिनिया विद्यापीठात. १९६८ पासून तिथे वॉशिंग्टन यांच्या कागदपत्रांचा संपादन प्रकल्प चालू आहे आणि जगभरच्या ग्रंथालयांतून व खाजगी कपाटांतून १ लाख ३५ हजारांवर दस्तऐवजांच्या प्रती गोळा झाल्या आहेत. स्पार्क्स यांनी कापलेल्या त्या मसुद्याचे जे तुकडे हाती आले, ते जुळवून या ग्रंथमालेत छापले आहेत. मधली कित्येक वाक्ये अर्धवटच तुटतात.